संमतीचा मान

ज्योतीराम जगदाळ्याचं म्हणणं फार मोठं नव्हतं. आपल्याला विचारायला हवं होतं, एवढंच.

आता विचारायचं तरी काय? पोरीच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन होतं. फळ्यावर एकाचे आकडे मांडत मांडत सरस्वती काढायची, तिला झेंडू वाहायचे, पोरांनी आपापल्या पाट्या पुढे मांडायच्या, आरती म्हणायची आणि चिरमुरे-बत्तासे खिशात कोंबून घरी पळायचं. ज्योतीराम स्वतः कऱ्हाडकडच्या शाळेत असाच खिसे फुगवून पळालेला होता. यंदा तर फळ्यावरची सरस्वती काढायला गुरुजींनी त्याच्याच शालनला निवडलं होतं. पोरगी चौथीत. बाभूळवाडीची शाळा चौथीपर्यंतच, पुढच्या वर्षी ती चिंचवडच्या शाळेत जायची, म्हणजे ही संधी पहिली आणि शेवटची. शालन भिंतीवर, अंगणात, पिठाच्या डब्याच्या झाकणावर सरस्वत्या काढत सुटली होती. दुसऱ्या कुठल्या बापानं पेढे वाटले असते. ज्योतीरामनं राज्यघटना उघडली.

ही राज्यघटना घरात कशी आली तेही सांगायला हवं. ज्योतीराम पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होता. एका रविवारी बायकोनं त्याला स्टोव्हची पिन आणायला पुण्याला जुन्या बाजारात धाडलं. तिथं एका पथारीवर त्याला कोपरे दुमडलेली, इंग्रजीतली भारताची राज्यघटना दिसली. पिन राहिली, घटना आली. स्टोव्ह पुढं महिनाभर भडकत आणि काजळत राहिला, पण घरात मूलभूत हक्क आले. ज्योतीराम शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक कलम वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी ते कुणावर तरी वापरून बघायचा. दूधवाल्याला त्यानं समतेचा हक्क समजावून सांगितला होता. दूध होतं तेवढंच पातळ राहिलं.

तर त्या दिवशी त्यानं कलम अठ्ठावीस काढलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून इंदूला, म्हणजे बायकोला, मराठीत सांगितलं, "सरकारकडून पैसे घेणाऱ्या शाळेत मुलाला पूजेला बसवायचं असेल, तर पालकाची संमती लागते."

"मग द्या की," इंदू म्हणाली.

"देणारच आहे. पण मागितली कुणी?"

"तुम्हाला पूजा नको का?"

"नको कशी? आरती मी स्वतः म्हणेन. प्रश्न पूजेचा नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे."

इंदूनं लगेच चुलीवरचं दूध खाली उतरवलं. ज्योतीराम तत्त्व म्हणाला की घरात काहीतरी उतू जातं, हा तिचा जुना अनुभव होता.

खरी गोष्ट वेगळीच होती. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं, तेव्हा खुर्च्या होत्या तीन. एकीवर सयाजी पाटील, दुसरीवर चिमाजी पाटील, तिसरीवर पुण्याहून आलेले पाहुणे. ज्योतीराम कारखान्याचा खाकी शर्ट घालून, एका पोरीचा बाप म्हणून, ताठ उभा होता. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातात पाण्याची घागर आणि पेला दिला. त्याला शाळेचा शिपाई समजले होते! आणि त्याच्या हातून, देवाशप्पथ, तिन्ही खुर्च्यांना पाणी वाटलंही गेलं. मॅट्रिक झालेला माणूस! त्या दिवसापासून आपल्यालाही कुणीतरी रीतसर विचारावं, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली होती, आणि आता देशाची घटनाच त्याच्या बाजूनं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तो सायकल शाळेकडं घेऊन गेला. हेडमास्तर आठल्ये गुरुजी हा अत्यंत सज्जन आणि अत्यंत भित्रा माणूस. त्यांना जगात दोन गोष्टींची धास्ती होती, फुरसं आणि ग्रँट. एक चावेल म्हणून आणि दुसरी बंद होईल म्हणून.

ज्योतीरामनं कलम वाचून दाखवलं. गुरुजींचा चेहरा फुरसं दिसल्यासारखा झाला.

"जगदाळे, तुमचा पूजेला विरोध आहे?"

"छे छे! उलट हौस आहे."

"मग तुमची संमती आहे ना? झालं तर!"

इथं ही गोष्ट संपत होती. ज्योतीरामनं "आहे" म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणसाला इतके दिवस हवी असलेली गोष्ट अशी उभ्या उभ्या, खडूचे हात झटकत कुणी दिली, तर ती घेववत नाही.

"असं नव्हे गुरुजी. रीतसर. आणि एकट्या मला विचारून काय उपयोग? घटना सगळ्यांसाठी आहे. सगळ्या पालकांना विचारलं पाहिजे."

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की परत येताना सायकलवर ते तो दोनदा मोठ्यानं म्हणाला.

गुरुजींनी त्याच रात्री शिक्षणखात्याला पत्र लिहून मार्गदर्शन मागवलं. आता, शाळेचं छप्पर गळतं म्हणून याच खात्याला केलेल्या अर्जांना तीन पावसाळे उत्तर नव्हतं. या पत्राला आठवड्याच्या आत आलं. सर्व पालकांची संमती मिळेपर्यंत कार्यक्रम स्थगित ठेवावा, आणि पालक म्हणजे नेमकं कोण याचा खुलासा स्वतंत्रपणे करण्यात येईल. तो खुलासा अजून यायचाय.

गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, 'पाटीपूजन तहकूब.'

शालननं विचारलं, का? गुरुजी खोटं बोलत नसत. ते म्हणाले, "तुझ्या बाबांनी कलम काढलं, बाळ."

पोरगी घरी आली. फडकं भिजवलं आणि भिंतीवरच्या, अंगणातल्या, डब्याच्या झाकणावरच्या साऱ्या सरस्वत्या पुसून टाकल्या. मग अंगठा दातावर टेकवून बापाशी कट्टी केली.

ज्योतीरामला आधी हसू आलं. पण ही कट्टी काही संध्याकाळपर्यंतची नव्हती. "आई, बाबांना सांग, पाणी तापलंय." "आई, बाबांच्या सायकलची किल्ली खाली पडलीय." पोरगी समोर उभी, आणि निरोप आईकडून. एरवी तो कामावरून आला की ही शाळेतली सगळी गंमत दारातच ओतून मोकळी व्हायची. आता दारात फक्त सायकलची घंटी वाजायची. तिसऱ्या दिवशी तो हातातली भाकरी ताटात ठेवून उठला. त्यानं मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, दसऱ्याला सरस्वती फळ्यावर आली पाहिजे आणि ती आपल्या शालूनंच काढली पाहिजे.

घरमालकीण सुभद्राबाई ओसरीवर तंबाखूची मशेरी भाजत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जोतीरामभाऊ, राग मानू नगा, पर तुमी म्हंजी आपलीच काठी आन आपलंच टकुरं. देवीला कशापायी उपाशी ठिवता? गावात जावा, एकेकाला हात जोडा, हो म्हनून घ्या."

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये यापेक्षा थोर सल्ला मिळाला. युनियनचे मारुतराव टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "राव, हायकोर्टात रिट टाका रिट! मूल बापाचं का सरकारचं, हा सवाल एकदा निकालात निघालाच पाहिजे!" त्यावर सगळं कॅन्टीन पेटलं. कुणी म्हणालं सरकारचं, कारण सक्तीचं शिक्षण सरकार देतं. कुणी म्हणालं बापाचं, कारण फी बाप देतो. फी माफ असल्याचं लक्षात आल्यावर त्यानं चहाचा कप तोंडाला लावला. तेवढ्यात कोपऱ्यातून एक खटावचा हेल्पर म्हणाला, "मूल मामाचं. जावळ कुनाच्या मांडीवर काढत्यात?" याचं उत्तर घटनेतही नव्हतं, ज्योतीरामनं नंतर मुद्दाम बघितलं.

शेवटी सुभद्राबाईंचा सल्लाच खरा मानून तो घरोघर निघाला. पहिलं घर शांतवन साळव्याचं. शांतवन कारखान्यात फिटर, नगरकडचा ख्रिस्ती माणूस, त्याचा मुलगा शालनच्याच वर्गात. ज्योतीरामनं सगळं सांगितलं. शांतवननं हातातला पाना खाली ठेवला.

"जगदाळे, खरं सांगू का? आजवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. "पोरगा बसायचा सगळ्यांबरोबर, मी पण काही बोलायचो नाही. उगाच कशाला. पण आता विचारताच आहात तर सांगतो. पूजेला नका बसवू त्याला. चित्र बघू दे, बत्तासे खाऊ दे."

"बत्तासे चालतील?"

"बत्ताशाला कसला धर्म आलाय?"

दोघंही हसले. त्या दारातून बाहेर पडताना ज्योतीरामला पहिल्यांदाच वाटलं, की अरे, हे कलम लिहिणाऱ्यानं काही उगाच नाही लिहिलं. झेंडावंदनाच्या घागरीशी त्या कलमाचा काही संबंध नव्हता. जरा शरमल्यासारखंही वाटलं. पण ही शरम पुरती मुरायच्या आत तो चिमाजी पाटलाच्या वाड्यावर पोचला, आणि तिथंच घात झाला.

बाभूळवाडीत पाटलांच्या दोन पात्या, म्हणजे एकाच घराण्याच्या दोन शाखा. थोरली सयाजीची, पिंपरीच्या अंगाला. धाकटी चिमाजीची, तळवड्याच्या अंगाला. शाळेतली पंधरा आणे पोरं या ना त्या पातीची. चिमाजीचं घर शांतवनच्या खोलीपासून जवळ, म्हणून ज्योतीराम आधी तिथं गेला. सातारी माणूस, त्याला काय ठाऊक! चिमाजी पाटलानं त्याला पानसुपारी दिली, संमती दिली, आणि अगदी सहज विचारलं, "आमच्या आदी कुनाला इचारलंत?"

"पाटलांपैकी कुणालाच नाही."

चिमाजी पाटलानं मिशीवरून हात फिरवला आणि भैरूला हाक मारली. भैरू गावचा कोतवाल. गावात आमंत्रणं द्यायची, दवंडी द्यायची, ती त्यानं. ज्योतीराम सायकल ढकलत सयाजी पाटलाच्या दारी पोचेपर्यंत भैरूनं ही बातमी तिथं पोचवलेली होती.

सयाजी पाटील ओसरीवर ताठ बसले होते. पानसुपारी नव्हती. पाणीसुद्धा नव्हतं.

"पाटील, पाटीपूजनाला आपली संमती..."

"गावात अक्षत फिरती ती पयली कुनाच्या दारी?"

"आपल्या असेल."

"आसंल न्हाई, हाय! होळीला पयला नारळ कुनाचा? आमचा. आन संमतीचा मान तेवढा धाकट्या पातीला? आमची पूजेला ना न्हाई, जगदाळे. पर आता हो बी न्हाई."

झालं! घटनेनं लिहिलं संमती, आणि बाभूळवाडीनं वाचला मान. ज्योतीरामनं जीव तोडून समजावलं, की हे आमंत्रण नाही, हा हक्क आहे, यात पहिला-दुसरा नसतो. सयाजी पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्याच्यात पयला-दुसरा नसतो, आसं तुमी एक तरी काम दावा."

ज्योतीराम धावत परत चिमाजीकडं. पुन्हा एकदा रीतीनं, थोरल्या पातीपासून विचारलं तर चालेल का? "चालंल की," चिमाजी म्हणाला, "पर मग आमची संमती माघारी."

कलमाप्रमाणं प्रत्येकानं आपापल्या पोरापुरतंच बोलायचं असतं, हे ज्योतीरामला पाठ होतं. ज्याची संमती नाही त्याचं पोर बसवू नये, बाकीच्यांनी पूजा करावी. पण थोरल्या पातीची पोरं वगळली तर धाकट्या पातीचा जयजयकार, आणि धाकट्या पातीची वगळली तर थोरल्या पातीचा. आणि दोन्ही वगळली तर उरतात शालन, गुरुजींचा पुतण्या आणि बत्तासे खाणारा शांतवनचा मुलगा. शिवाय शाळेची जागा थोरल्या पातीची आणि विहीर धाकट्या पातीची. गुरुजींनी तर अंथरूणच धरलं.

"तुमाला आमच्या येशीची गोष्ट ठावं हाय का?" सुभद्राबाई म्हणाल्या. "पोळ्याला येशीतनं पयला बैल कुनाचा, यावर आमच्या आजेसासऱ्याच्या वक्ताला दोनी पात्यांचा खटला मामलेदारापासनं पार मुंबैपातुर गेल्ता. निकाल लागंना. मग दोगांनी मिळून येसच पाडली, आन बैल जोडीनं नेले. म्हनून आमच्या गावाला येस न्हाई."

ज्योतीरामच्या डोळ्यांपुढं पाडलेल्या वेशीच्या जागी शाळेची इमारत उभी राहिली. पण त्यातूनच त्याला युक्ती सुचली. जोडीनं! दोघांना एकाच क्षणी विचारायचं. आता एकच क्षण गावाच्या दोन टोकांना धरायचा कसा? तर कारखान्याचा भोंगा. भोंगा सरकारी कारखान्याचा, तो कुठल्या पातीचा नाही. शिफ्टचा भोंगा वाजला की ज्योतीरामनं सयाजी पाटलांना विचारायचं आणि गुरुजींनी चिमाजी पाटलांना. दोघांनाही हे पटलं. कॅन्टीनमध्ये मारुतरावांनी ज्योतीरामची पाठ थोपटली. "राव, तुम्ही दिल्लीत पाहिजे होता!"

ठरल्या दिवशी गुरुजी अंथरुणातून उठून मफलर गुंडाळून चिमाजीच्या ओसरीवर बसले. इकडं सयाजी पाटलांनी नवा पटका बांधला होता. भोंगा वाजला. ज्योतीरामनं हात जोडून विचारलं. सयाजी पाटलांनी खाकरून घसा साफ केला, आता "हो" म्हणणार, एवढ्यात भैरू धापा टाकत आला.

"पाटील, त्ये न्हाई म्हनत्यात!"

"कोन न्हाई म्हनतंय?"

"चिमाजी पाटील. भोंगा व्हायच्या आदीच हटून बसलं. म्हनत्यात, भोंगा पिंपरीकडनं वाजतो. म्हंजी आवाज आदी थोरल्या पातीवरनं येतो आन मग आमच्याकडं. त्यो उष्टा भोंगा हाय, त्यो आमाला नगं!"

सयाजी पाटलांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. ज्योतीरामनं आवाजाचा वेग सांगायचा प्रयत्न केला, पण त्यातून चिमाजीचंच म्हणणं शास्त्राला धरून ठरायला लागलं, तेव्हा त्यानं सायकल काढली. घरी येऊन त्यानं घटना फळीवर ठेवली आणि वर पिठाचा डबा ठेवला.

दसरा तोंडावर आला होता. शालन पाटावर बसून गणितं करत होती. तिच्या पाटीच्या कोपऱ्यात तिनं न कळत एकाचे चार-पाच आकडे मांडले, मुकुटासारखे, आणि बाप बघतोय असं दिसताच हातानं पुसून टाकले.

"इंदू, हरलो गं मी," तो म्हणाला. "मान मान करत होतो, पोरीचाच मान घालवला."

इंदू भाजी चिरत होती. चिरता चिरता तिनं विचारलं, "तुमच्या त्या कलमात बाप असं लिहिलंय?"

"पालक लिहिलंय."

"हं," म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकली.

नवरात्र चालू होतं. त्या संध्याकाळी सुभद्राबाईंच्या अंगणात पोरींचा भोंडला होता. मधे पाटावर हत्ती काढलेला, भोवती पोरींचा फेर, आणि पोरींच्या हौसेसाठी आयाही फेरात. सयाजी पाटलांच्या यशोदाबाई होत्या, चिमाजी पाटलांच्या छबूबाई होत्या, शाळेतल्या बाकीच्या पोरांच्या आयाही होत्या. ज्योतीराम खोलीच्या खिडकीत उभा होता. बायकांच्यात कुठं जायचं म्हणून आतच थांबला होता.

दोन-तीन गाणी झाली आणि फिरता फिरता इंदू म्हणाली, "ए बायांनो, जरा थांबा. शाळेत पाटीपूजन व्हावं का न व्हावं?"

"व्हावं!" फेर म्हणाला.

"आपापल्या पोरांना बसवायचं?"

"बसवायचं!"

शांतवनची बायको पायरीवर बसून मजा बघत होती. ती म्हणाली, "आमचा नुसता बघंल." "बघू दे की," इंदू म्हणाली, "आणि बत्तासे दोन जास्त." सगळ्या खळखळून हसल्या.

खिडकीत ज्योतीराम मनात हिशेब करायला लागला. कुणी आधी म्हटलं? कुणी नंतर? फेर गोल. त्याला ना थोरलं टोक, ना धाकटं. यशोदाबाई आणि छबूबाई तर हातात हात घालून उभ्या होत्या. दोन पात्यांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्या अंगणात असंच फिरत आल्या होत्या, आणि इतकी वर्षं ते कुणा पुरुषाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आगं पर मालक काय म्हनतील?" कुणीतरी विचारलं.

"मालकांनी बसावं मिशीला पीळ घालत," छबूबाई म्हणाल्या. "पोरं आमी जल्माला घातली. कुनाच्या भोंग्यानं न्हाई घातली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदू आठल्ये गुरुजींना सांगायला शाळेत गेली. मागोमाग पिठाच्या डब्याखालून घटना काढून ज्योतीराम. बातमी ऐकून सयाजी पाटील एका दारानं आणि चिमाजी पाटील दुसऱ्या दारानं आत आले. गुरुजी कसनुसं हसले.

"वहिनी, आनंद आहे. पण खात्याचा खुलासा आलेला नाही. पालक म्हणजे... आजवर आम्ही बापालाच समजत आलो. काय जगदाळे? घटना तुमच्याकडंच आहे. तुम्ही म्हणाल ते."

खोलीतले सगळे त्याच्याकडं बघायला लागले. बघा कसं असतं! ज्या गोष्टीसाठी जीव टाकला, ती समोर आली. दोन्ही पाटील, हेडमास्तर, सगळे ज्योतीराम जगदाळ्याला विचारत होते. आणि एका शब्दाचा प्रश्न होता. पालक म्हणजे बापच, असं तो म्हणाला असता तर कुणी खोटं ठरवलं नसतं, कचेऱ्यांतून तसंच चालतं हे त्यालाही ठाऊक होतं. बाप हाच पालक, आणि त्यातला पहिला पालक आपण. त्याचा हात घटनेच्या पानावर थांबला. मग त्याला पाटीवरचा तो पुसलेला मुकुट आठवला.

"गुरुजी, इथं पालक लिहिलंय," तो म्हणाला. "बाप कुठंही लिहिलेलं नाही. आई चालत नाही असंही नाही. आयांनी संमती दिलीय. माझ्या समजुतीप्रमाणं काम पुरं झालं."

सयाजी पाटील एकदम उसळले. "म्हंजी आमाला इचारायची गरजच न्हवती?"

"नव्हती, पाटील. मलाही नव्हती. मागं विचारलं ते जमेसच धरायचं नाही."

गुरुजींनी टेबलाची कड घट्ट धरली. चिमाजी पाटील सयाजीकडं वळले.

"तुमाला बी न्हाई इचारलं?"

"न्हाई."

"आदी बी न्हाई, मागनं बी न्हाई?"

"आजाबात न्हाई."

"मग ठीक हाय," चिमाजी म्हणाले. सयाजी पाटलांनी मान डोलावली, आणि वेस पाडल्यापासून पहिल्यांदाच दोन्ही पाटील एका दारानं बाहेर पडले.

दसऱ्याच्या सकाळी शाळा झेंडूनं नुसती फुलून गेली होती. पुरुष, बायका, कारखान्याचे लोक, सगळे जमले. शांतवनचा मुलगा मागच्या बाकावर खिडकीपाशी ऐटीत बसला होता, नुसता बघायला. शालन नवं परकर-पोलकं घालून हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. आणि आठल्ये गुरुजींनी हात वर केला.

या सगळ्या प्रकरणानं गुरुजी घटनेच्या बाबतीत फारच सोवळे झाले होते. "क्षमा करा," ते म्हणाले. "काल रात्री माझ्या लक्षात आलं. भोंडल्यात जगदाळेवहिनींनी सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी हो म्हटलं. पण विचारणाऱ्या वहिनीच होत्या. त्यांनी स्वतः हो कुठं म्हटलं? शालनच्या आईची संमती?"

सगळ्या माना इंदूकडं वळल्या. इंदूनं पदर नीट केला.

"मला आमच्या घरी अजून कुणी विचारलं नाही," ती म्हणाली.

बायकांत खसखस पिकली. ज्योतीरामचे कान तापले. सगळं गाव, दोन्ही पाटील, युनियनचे मारुतराव. लग्न झाल्यापासून त्यानं बायकोला कधी काही विचारलेलं नव्हतं. सांगितलं होतं, मागितलं होतं, समजावलं होतं. तो पुढं आला. घसा खाकरला. आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाच नवं होतं.

"अहो इंदूबाई, शालनला पूजेला बसवायला आपली संमती आहे का?"

"विचार करून सांगते," इंदू म्हणाली.

गुरुजींना घेरी यायची बाकी राहिली. यशोदाबाई आणि छबूबाई एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागल्या. सयाजी पाटील चिमाजीच्या कानाला लागून म्हणाले, "चिमाजी, ह्ये आता घरोघर हुनार बग." मग इंदूलाही हसू आवरेना आणि ती म्हणाली, "आहे हो आहे! काढ गं शालू."

शालन वळली. खडू टेकला. एक, एक, एक. मुकुट झाला, चेहरा झाला, वीणेवर हात आले. खडूचा आवाज मागच्या बाकापर्यंत येत होता. ज्योतीराम दारापाशी गर्दीत उभा होता. आज कुणी त्याला खुर्ची दिली नव्हती आणि हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. कट्टी अजून सुटली नव्हती, पण त्याचं सगळं ध्यान त्या इवल्या हातात होतं. आकडे संपत आले तसा तो हात थांबला. शालन मागं वळली आणि सगळ्या डोक्यांमधून तिनं दाराकडं बघितलं.

"बाबा, पायाशी हंस काढू का मोर?"

"मोर!" सयाजी पाटील म्हणाले.

"हंस!" चिमाजी पाटील म्हणाले.

"पाटीलआजोबा, मी बाबांना विचारलंय," शालन म्हणाली.

ज्योतीरामनं एकदा शालनकडं आणि एकदा फळ्याकडं बघितलं. शेजारून इंदूनं त्याला कोपरानं ढोसलं. "अहो, विचारतेय ती."

"हंस," ज्योतीराम म्हणाला. पण ते इतकं घोगरं आलं, की त्याला पुन्हा सांगावं लागलं.